तीन नावांची एक आई

बडोद्यातल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, विशेषतः माझ्या वयाच्या.

लेक जर्मनीत. हिला तिच्या बाळंतपणाला जायचं होतं. पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, ३०,००० युरोचा प्रवास विमा, सगळं मी फायलीत लावलं. जन्म बँकेत गेला ना! अडलं हिच्या नावात. जुन्या खात्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर लग्नात तांदळात लिहिलेलं, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर त्याच नावाला 'बेन' चिकटलेलं. लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. दुरुस्त्या होईपर्यंत नातू जन्मला. बारसं आम्ही मोबाइलवर पाहिलं. ही काही बोलली नाही, पण केलेले डिंकाचे लाडू शेजारी वाटून टाकले.

लोक व्हिसावाल्यांना शिव्या देतात. मी नाही देत. एका अक्षराच्या फरकासाठी मीही काउंटरवरून माणसं परत पाठवली आहेत. नातं आपल्याला ठाऊक असतं, त्यांना कागदावरूनच कळतं. चूक आमच्या 'चालतंय की'ची.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. त्याच्याही आधी घरातले सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावं मोठ्याने वाचा. बायकांची आधी.