संमतीपत्र कुणाचं आणि कशाला?

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघी चार दिवसांसाठी कोपनहेगनला जायचं ठरवतो आहोत. डेन्मार्कची ही समुद्राकाठची जुनी राजधानी. तिघींचाही हा पहिलाच परदेश प्रवास. बारामती-इंदापूरच्या आमच्या पट्ट्यात ही बातमी ज्यांना कळली, त्यांतल्या बहुतेकांनी एकच विचारलं, "मिस्टर सोबत आहेत ना?"

बाईने घराबाहेर पडू नये असं आमच्या भागाचं म्हणणं आहे का? मुळीच नाही. दर आषाढीला बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने तुकोबांची पालखी जाते. हजारो बाया घरदार सोडून चालतात. त्यांना कुणी अडवत नाही, कारण ते पुण्य घराच्याही खात्यावर जमा होतं. बीडकडच्या बाया ऊसतोडीला आमच्या कारखान्यांवर येतात, महिनोन् महिने कोपीत राहतात. त्यांच्या अब्रूची चिंता कुणाला पडत नाही, कारण कोयता जोडीचाच लागतो. विरोध आहे तो बाईने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या पैशाने, नुसतं बघायला म्हणून जाण्याला.

कोपनहेगनच का? २६ आणि २७ ऑगस्ट १९१० ला तिथे समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. क्लारा झेटकिन आणि तिच्या साथिणींनी दरवर्षी महिला दिन पाळण्याचा ठराव तिथेच मांडला आणि तो मंजूर झाला. ८ मार्च ही तारीख पुढे रूढ झाली, पण दिवसाचं मूळ तिथलं. ती परिषद नोरेब्रो भागातल्या कामगारांच्या सभागृहात झाली. ती इमारत २००७ मध्ये पाडली गेली, तरी ती जागा आम्हाला बघायची आहे. जुलै १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची दुसरी जागतिक महिला परिषद याच शहरात, बेला सेंटरमध्ये भरली. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याच्या करारावर भारताने सही केली ती ३० जुलै १९८० ला, त्या परिषदेच्या शेवटच्या दिवशी. या कराराच्या १५ व्या कलमात स्त्रीला पुरुषाइतकाच हिंडण्या-फिरण्याचा हक्क दिलेला आहे. १९९३ मध्ये भारताने करार कायम केला, पण कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबींत त्याच्या संमतीवाचून हात घालणार नाही, असं निवेदन जोडून. म्हणजे समता उंबऱ्यापर्यंत, आत जैसे थे!

चार दिवस पुरतील. विमानतळावरून मेट्रोने पंधरा मिनिटांत शहरात जाता येतं. १६७० च्या दशकात खणलेला न्युहाउनचा कालवा, १६४२ चा गोल मनोरा (आत पायऱ्यांऐवजी चढण आहे, गुडघेदुखीवालीने घाबरू नये), आणि या दोन परिषदांच्या जागा. एवढंच बघायचं, पण सावकाश.

आता कागदांचं बघू. सज्ञान बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ मध्येच सांगितलं. तरीही एका पासपोर्ट कार्यालयाने नवऱ्याची सही मागितली, म्हणून जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ही गोष्ट पुन्हा बजावावी लागली. शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. फी ९० युरो, ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा, बँकेचा उतारा आणि बोटांचे ठसे. नवऱ्याची संमती या यादीत कुठेच नाही.

मग ती येते कुठून? माझा शिवणवर्ग आहे, माझ्या नावाचं खातं आहे, माझं भागलं. पण आमच्यातली एक पंचवीस वर्षं उसाच्या शेतात राबते आहे आणि जमीन, घर, खातं, काहीच तिच्या नावावर नाही. परत येण्याची खात्री म्हणून मालमत्ता दाखवायची, तर एजंट म्हणाला, "सातबारा मिस्टरांचा ना? मग त्यांचं संमतीपत्र लावा." कायद्याने पुढच्या दाराने घालवलेली परवानगी मालमत्तेच्या मागच्या दाराने अशी परत घरात येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. तो हक्कसोडपत्रावर सही करून आपण भावाला परत देतो, आणि बदल्यात भाऊबीजेची साडी घेतो.

आपल्याच चळवळीतल्या काहीजणी म्हणतील, ही पैसेवाल्यांची चैन आहे. पुरुष शेतीच्या अभ्यासाला म्हणून इस्रायलला, हॉलंडला जाऊन येतात तेव्हा गावात त्यांचा सत्कार होतो. चैन हा शब्द तेव्हा कुठे असतो? प्रत्येकीने विमानात बसावं असं मी म्हणत नाही. पण जिला जायचं आहे तिला कुणाची चिठ्ठी लागू नये, आणि जिला जायचं नाही तिच्याही नावावर जमीन असावी.

म्हणून प्रत्येक गटाला सांगणं आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यावं. कुणाचं नाव कुठे आहे, ते एकेकीने मोठ्याने वाचावं. जिचं नाव नाही तिचा अर्ज त्याच बैठकीत लिहावा, आणि सगळ्याजणी मिळून तलाठ्याकडे जावं.