नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

ज्येष्ठांसाठीच्या व्याख्यानांत आहार, चालणे, गुडघेदुखी यांवर प्रश्नांची सरबत्ती होते. मृत्युपत्राचा विषय निघाला की सभागृह गप्प. ‘आम्ही नॉमिनी लावला आहे’, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान असते.

वस्तुतः बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, एवढेच त्या नावाने ठरते, मालकी वारसांचीच. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केले. मृत्युपत्र नसल्यास जैन कुटुंबांनाही 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा वाटा समान. विवाहित मुलीचाही! हे ऐकून अद्याप काही भुवया उंचावतात, याचेच नवल.

पेढीची गोष्ट अधिक नाजूक. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच विसर्जित होते. दोन भावांच्या दुकानात मोठा भाऊ गेला, तर बाजारात उधारी अडकलेली असतानाच धाकट्याला वहिनी-पुतण्यांशी हिशेब मिटवावा लागतो. घरे दुरावतात ती इथे.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते. आपली सही व दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. साक्षीदार आपल्याहून तरुण आणि मिळकतीत वाटा नसलेले निवडावेत. भागीदारीचा करार मात्र आजच कपाटातून काढावा आणि त्यातील मृत्यूविषयीचे कलम भाऊ व मुले यांच्यासमवेत बसून वाचावे. वहीपूजनापर्यंत थांबू नये.