मेलेल्या ढोराचे पैसे मिळतात, जिवंत ढोराचं काय?

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण बफरमधल्या माणसानं आणि बफरच्या नावानं मीटिंगा घेणाऱ्यानं, दोघांनीही शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मोहर्ली म्हटलं की लोकांना गेट आठवते. जिप्सी, गाइड, रिसॉर्ट, वाघाचे फोटो. त्या धंद्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. गेटच्या पैशावर इथल्या कितीतरी पोरांचं घर उभं राहिलं. पण २०१० मध्ये ताडोबाचा बफर झाला त्यात ७९ गावं आली. त्या सगळ्या गावांना काही गेट नाही. आणि जिथे आहे तिथेही कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. म्हणजे रोवण्याची मजुरी, खत, पोरांची फी, सगळा खर्च एकदम अंगावर येतो तेव्हाच गेटला कुलूप. २०२० मध्ये कोरोनात तर भर सीझनमध्ये कुलूप लागलं. तेव्हा घरात जे खाल्लं ते शेतातलं आणि कोठ्यातलंच होतं. म्हणून आज वाघावर नाही, ढोरावर लिहितो.

वाघानं किंवा बिबट्यानं गाय, बैल, म्हैस मारली तर वनविभाग भरपाई देते. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. बकरीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं कमी. ४८ तासांच्या आत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत ढोर जागचं हलवायचं नाही. हे नियम प्रत्येक घरात पाठ पाहिजेत, कारण उशीर झाला की केस अडकते. आणि केस अडकली की कुणाच्या तरी डोक्यात राग जाते. मेलेल्या ढोरावर विष टाकायचे प्रकार आपल्या राज्यात झालेले आहेत. त्यात वाघ मरते, माणूस जेलात जाते, गाय काही परत येत नाही.

पण भरपाई वेळेवर मिळाली तरी हिशोब बसतो का? जूनच्या शेवटी जोडीतला एक बैल गेला तर दुसरा दावणीलाच बसून राहते. नांगरणी, चिखलणी, बंडी, सगळं थांबते. ट्रॅक्टर भाड्यानं घ्यावा लागते, तोही सगळ्यांचा नंबर लागल्यावर. गाभण गाय गेली तर तिच्या पोटातलं वासरू आणि पुढच्या वर्षाचं शेणखत कोणत्याच कागदावर येत नाही. कागदावर येते ती फक्त मेलेली गाय.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपली सगळी व्यवस्था ढोर मेल्यावर जागी होते. ढोर जिवंत असताना त्याच्यावर जो खर्च व्हायला पाहिजे, तो कोणाचाच विषय नाही.

ढोरं जंगलात जातात कशाला ते आधी पाहा. पूर्वी धुऱ्यावर गवत असायचं, बाया सकाळी भारा कापून आणायच्या. आता धुऱ्यावरही तणनाशक मारतो आपण, गवताचा भारा आणणार कुठून? धान कापायला हार्वेस्टर येऊ लागला, तर तणस बांधीतच चुरा होऊन पडते आणि मग कोणीतरी काडी लावते. धानाच्या ओलीवर लाखोळी, जवस, उडीद टाकायचो, त्याचं कुटार ढोरांना व्हायचं. ते रानडुकरं आणि मोकाट ढोरांच्या धाकानं कमी झालं. मग उरलं काय? जंगल. घरी दहा ढोरं, त्यात दूध देणारी एखादी, बाकी सगळी शेणासाठी आणि "राहू दे" म्हणून. सकाळी गायकी घेऊन जाते, संध्याकाळी मोजून आणते. एखादं कमी भरलं की समजायचं.

आणि गायकी हा माणूस आहे, हे कोणत्याच योजनेत दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-मालच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडताना एकाच दिवशी गेल्या. आपल्या जिल्ह्यात जंगलात पोटासाठी जाणारा माणूस रोज हा जुगार खेळते. चार ढोरं कमी जंगलात गेली तर चार तास कमी धोका, इतकं साधं आहे ते.

भाकड ढोरांचंही बोललं पाहिजे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आहे. कायदा बरा की वाईट, तो वाद या पोस्टमध्ये नको. पण म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसायची ऐपत नाही, तर तो जातो कुठे? जंगलात. तीस सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. चांगलं केलं. पण गोशाळेतली गाय राज्यमाता आणि वाघाच्या तोंडासमोर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या कोठ्यातली गाय कोण? तिला एक रुपया नाही. बफरमधल्या ज्या घरानं ढोरं जंगलात सोडणं बंद केलं, त्या घराला दोन गाईंपुरतं का होईना हेच अनुदान द्या. आमचा चारा वाचेल, तुमचं जंगल वाचेल.

आता काय करता येईल ते. हवेतलं सांगत नाही.

कोठा. मनरेगातून दोन ते सहा ढोरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये आहेत, २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेपासून. पण तो गोठा सपाटीवरच्या गावाचा आहे, बाजूनं उघडा. आपल्याकडे बिबट कौलावरून उतरते. बफरसाठी त्याच गोठ्याला जाळी आणि आतून कडी लागणारं दार धरून वेगळं अंदाजपत्रक पाहिजे. जनवन योजनेतून गॅस आला, सौर कुंपण आलं, मग जाळीचं दार का नाही? कुंपणाचा विषय निघालाच तर तारेत लाइन सोडणाऱ्या भावांनो, बंद करा ते. त्यात डुकरापेक्षा आपलीच माणसं जास्त स्वस्तात मरतात.

चारा. धानाच्या तणसात प्रथिनं नसल्यासारखीच असतात, पोट भरते पण अंगी लागत नाही. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून दाबून ताडपत्रीखाली हवाबंद करायचं, २१ दिवसांनी उघडून वास उडू द्यायचा आणि मग थोडं थोडं द्यायचं. लहान वासराला द्यायचं नाही. आणि युरिया थेट गव्हाणीत कधीच टाकायचा नाही, ढोर मरते. पद्धत जुनी आहे, कृषी विज्ञान केंद्रवाले सांगतात, आपण करत नाही कारण जंगल फुकट आहे असं वाटते. विहिरीजवळ दोन गुंठे संकरित नेपियर लावलं तर एका दुभत्या ढोराचा हिरवा चारा बराचसा सुटते. धुऱ्यावर तणनाशक बंद केलं तर तेही गवतच.

जात. हा माझा आवडता विषय, म्हणून जास्त लिहितो. पूर्व विदर्भातल्या आपल्या गाईला इतकी वर्षं "गावठी" म्हणून कोणी विचारत नव्हतं. २०२३ च्या सुरुवातीला भारतीय कृषी संशोधन परिषदेनं तिची कठाणी म्हणून वेगळी जात नोंदवली. त्याच यादीत विदर्भातली पूर्णाथडी म्हैसही आहे. कठाणी लहान चणीची, दूध कमी, पण बैल धानाच्या चिखलात चालते आणि साध्या तणसावर निभावते. वाटपात मात्र अजूनही मोठ्या अंगाच्या संकरित गाईच द्यायची हौस दिसते. ज्याच्याकडे पाणी, हिरवा चारा आणि दुधाचं संकलन दारापर्यंत आहे, त्यानं जरूर घ्यावी. मदर डेअरीचं संकलन ज्या गावांत पोचलं तिथे दोन म्हशी चांगल्या चालतात. पण जिथे दुधाची गाडीच येत नाही तिथे जास्त दुधाची गाय म्हणजे दुसऱ्याचा हप्ता. अशा गावात दहाच्या चार कठाणी करा, चांगला गोऱ्हा गावात ठेवा, बाकीचे वेळेत खच्ची करा.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या वेचून एचएमटी धान काढला. दीड-दोन एकरवाल्या माणसानं हे केलं. ढोरांची निवड गावानं केली तर जमणार नाही असं कोणी म्हणू नये.

लस. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, बकऱ्यांना पीपीआर. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लसीसाठी रांगा लावल्या, तशी रांग दर पावसाळ्याआधी लागली पाहिजे. लाळ्या-खुरकूत रानगव्यालाही होते, त्यामुळे हा खर्च वनविभागाचाही आहे.

चराईबंदी कोणी वरून लादली तर भांडण होईल, झालंही आहे. गावानं ठरवली तर टिकते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गावानं रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही हे स्वतःच ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात. हातातला पैसा सोडला त्यांनी. तिथे कोणता गार्ड काठी घेऊन उभा नव्हता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे: बफरसाठी जाळीच्या दाराचा गोठा आणि ढोरं घरी बांधणाऱ्याला चाऱ्याचं अनुदान. कोंडेगाव, सीतारामपेठ, भामडेळी, मुधोलीकडच्या मित्रांनी आपापल्या गावात हेच मांडावं, मसुदा मी पाठवतो. आणि चिमूर, नागभीड, सिंदेवाही भागात कोणाकडे निव्वळ कठाणीचा दोन-अडीच वर्षांचा गोऱ्हा असेल तर मला कळवा. पोळ्याच्या आत पाहायला येतो.