दागिन्यांनाही घराणे हवे

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ मराठी घरांत हळदीकुंकवाचा, वाण लुटण्याचा आणि बोरन्हाणाचा. याच दिवसांत आपल्याकडे एक असा अलंकार घडतो, ज्यात गुंजभर सोने नसते, चांदी नसते, मोलाचा खडा नसतो. साखर, तीळ, थोडा पुठ्ठा, थोडी जर आणि बायकांच्या बोटांची मेहनत एवढ्यावर तो उभा राहतो. नव्या सुनेचा पहिला संक्रांतसण आणि तान्ह्या बाळाचे बोरन्हाण, या दोन प्रसंगांपुरतेच त्याचे आयुष्य. संध्याकाळभर अंगावर मिरवायचा आणि मुंग्यांना वास लागण्यापूर्वी उतरवून ठेवायचा. इतक्या क्षणभंगुर वस्तूवर लेख कशाला लिहायचा, असे कुणी म्हणेल. परंतु हाताने घडवलेल्या दागिन्यांचा एकसंध संच कसा असावा, याचा हलव्याच्या दागिन्यांइतका चोख नमुना आज आपल्या घरांत दुसरा नाही. आणि हा नमुना ज्या भगिनी घडवतात, त्यांच्या वर्षभराच्या उपजीविकेचा प्रश्न नेमका तिथेच अडला आहे.

आधी या संचाचे रहस्य पाहू. हलवा करणे हे धीराचे काम. परातीत तीळ घ्यायचे, मंद आचेवर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचे. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की पाक पिवळा पडतो. थंडी चांगली पडली असेल तर दाण्यावर काटा फुलतो. हे काम एका बैठकीत उरकत नाही, दिवसच्या दिवस चालते. आता गंमत अशी की, मणी लहान हवा असेल तर आत खसखस घालतात, मध्यम हवा असेल तर तीळ, मोठा हवा असेल तर साबुदाणा, आणि लांबट हवा असेल तर लवंग. म्हणजे आकार बदलतो, पण पोत तोच, रंग तोच, काटा तोच. मुकुटापासून वाळ्यांपर्यंत आणि बिंदीपासून कमरपट्ट्यापर्यंत सारे दागिने या चार मापांच्या मण्यांतून उभे राहतात. खाली काळे वस्त्र असते, त्यावर हे पांढरेशुभ्र काटेरी मणी उठून दिसतात. दहा दागिने अंगावर असूनही डोळ्याला एकच गोष्ट जाणवते. कुणी रेखाटन शिकवले नव्हते, कुणी सौंदर्यशास्त्राचे वर्ग घेतले नव्हते. साहित्याच्या मर्यादेने आणि प्रसंगाच्या गरजेने हा मेळ घालून दिला. (अलीकडे जावयाच्या हाती हलव्याचा भ्रमणध्वनी देण्याची हौस निघाली आहे. ती हौस क्षम्य आहे, कारण निदान तोही हलव्याचाच असतो. मुकुटावर प्लॅस्टिकची गुलाबी फुले चिकटवतात, ते मात्र पाहवत नाही.)

आता याच भगिनींचा फेब्रुवारीनंतरचा स्टॉल पाहावा. बचत गटांची प्रदर्शने आता गावोगाव भरतात आणि ही स्वागतार्ह गोष्ट आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ असो, ‘उमेद’ अभियान असो वा स्थानिक सेवाभावी संस्था असोत, घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीला बाजाराच्या दारापर्यंत आणण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण दारापर्यंत आल्यावर पुढे काय? टेबलावर एका बाजूला कागदाच्या सुरळ्यांची कर्णफुले, शेजारी भाजक्या मातीचा हार, मग रेशीम दोऱ्याच्या बांगड्या, ऑक्सिडाइज्ड लोलक, रेझिनमध्ये बुडवलेली फुले आणि एका कोपऱ्यात मुलामा दिलेली ठुशी. यातली एकही वस्तू वाईट असते असे नाही. पण त्या साऱ्यांवर एका हाताचा ठसा दिसत नाही. शेजारच्या टेबलावरही हेच, त्याच्या शेजारीही हेच. मग गिऱ्हाईक तुलना करणार ती कशाची? किमतीची. आणि किमतीच्या शर्यतीत राजकोटच्या यंत्रावर हजारांनी निघणाऱ्या नकली दागिन्यांपुढे हाताचे काम कधीही हरणार.

याचे खापर त्या भगिनींवर फोडणे अन्यायाचे ठरेल. आठ-दहा दिवसांच्या प्रशिक्षणवर्गात दहा प्रकार दाखवले जातात, प्रमाणपत्र दिले जाते आणि एकही प्रकार मुरत नाही. संगीताची उपमा द्यायची तर, एकाच महिन्यात ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांच्या दोन-दोन ताना शिकवून गायकाला मैफलीत बसवल्यासारखे हे आहे. घराणे म्हणजे काय? काही गोष्टी कटाक्षाने करणे आणि काही गोष्टी तितक्याच कटाक्षाने न करणे. चार स्वर कानी पडताच जाणकार मान डोलावतो, तो या निग्रहामुळे. दागिन्यांच्या धंद्यात ज्याला आज ‘कलेक्शन’ म्हणतात, त्याचा खरा अर्थ हाच आहे.

आणि हे आपल्याला नवे थोडेच आहे? ‘साज’ हा शब्दच पाहा. कोल्हापुरी साजाची पाने एकवीस मानली जातात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे, अशी त्यांची परंपरागत वाटणी सांगतात. मासा, कासव, शंख, कमळ असे परस्परांशी काहीही संबंध नसलेले आकार एका माळेत बसतात, पण विसंगत दिसत नाहीत. का? कारण प्रत्येक पान पातळ पत्र्यातून ठशावर उठवलेले असते, आत लाख भरलेली असते, उंची-जाडी सारखी असते आणि दोन पानांच्या मध्ये तेच जवमणी पुनःपुन्हा येतात. विविधता पानांत, एकता मण्यांत. मराठी अलंकारांची नावे मनाशी उच्चारून पाहावीत: जोंधळी पोत, बोरमाळ, बकुळीहार, बेलपानटीक, केवडा. शेतातले धान्य, अंगणातले फूल, देवाला वाहिलेले पान. ज्या भूमीत माणूस राहतो तिथल्याच आकारांनी त्याने स्त्रीला सजवले. हे अलंकार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या सोनारांनी घडवले असले तरी एकत्र घातल्यावर एका कुळातले वाटतात, याचे कारण या समान शब्दसंग्रहात आहे.

हे कूळ विस्कळीत कसे झाले, याची एक बाजू सरकारी आहे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोनारांच्या बागेसऱ्या थंडावल्या, कित्येक घरांनी पिढीजात धंदा सोडला, काहींनी जीव दिले. पुढे नियम सैल झाले, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मधू दंडवते अर्थमंत्री असताना १९९० मध्ये रद्द होईपर्यंत जोखड कायम राहिले. घडणीचे ज्ञान पुस्तकात नसते, हातात असते. हात रिकामे राहिले की ते ज्ञान एका पिढीत नाहीसे होते. म्हणूनच आज घरगुती काम करणाऱ्या प्रत्येक गटाने पहिली गोष्ट करावी ती नमुनावही ठेवण्याची. कोणता मणी किती मापाचा, दोरा किती पदरी, गाठ कोणती, एका दागिन्याला मणी किती आणि वेळ किती, हे सारे लिहून ठेवावे. ज्याची नोंद नाही त्याची पुनरावृत्ती नाही, आणि पुनरावृत्ती नसेल तर पुण्यातल्या काकूंनी घेतलेल्या हाराला जुळणारी कुडी नाशिकच्या वहिनींना पुढच्या वर्षी मिळणार नाही.

प्रत्यक्षात हे कसे करावे? एक उदाहरण घेऊ. एखाद्या गटाने ठरवावे की, आपला मणी जोंधळ्याचा. मुलामा एकाच छटेचा, चकचकीत नव्हे, जुन्या सोन्यासारखा मंद. दोरा एकाच रंगाचा, समजा कुंकवासारखा लाल. पूर्वी पटवेकरी दागिने रेशमात गाठवून देत. ती गाठवण शिकून घ्यावी आणि प्रत्येक दागिन्याचा शेवट तिनेच करावा, बाजारातली तयार कडी-आकडा लावू नये. मध्यभागी येणारे पदक एकच: बकुळीचे फूल, तीन मापांत. सर्वांत लहान कानात, मधले अंगठीवर व हातात, मोठे गळ्यात. एवढ्या सामग्रीतून कर्णफुले, एकपदरी पोत, तीनपदरी पोत, गळ्यालगत बसणारी पेटी, हातातली पोहची आणि अंबाड्याला लावायचे फूल असे सहा-सात दागिने सहज होतात. कर्णफुले कुणालाही परवडावीत, पोत भाऊबीजेला देता यावी आणि पेटी लग्नसराईसाठी असावी. जिने या वर्षी कर्णफुले घेतली ती पुढल्या वर्षी पोत घ्यायला त्याच टेबलाशी येईल. सुटी वस्तू विकणे आणि गिऱ्हाईक जोडणे यांतला फरक तो हाच.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘प्रत्येकीची आवड निराळी. मोती मागितले तर नाही म्हणायचे?’ होय, नाही म्हणायचे. नम्रपणे शेजारच्या ताईंचे टेबल दाखवायचे. एका प्रदर्शनात दहा गट असतील आणि दहांची दहा घराणी असतील, तर सर्वांचा धंदा वाढतो. दहांनी दहा-दहा प्रकार ठेवले तर सगळ्यांचाच बुडतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशाने काम साचेबद्ध होणार नाही का? एकसंधपणा आणि साचेबद्धपणा यांत अंतर आहे. ठसा एकच असूनही हाताने ओवलेल्या दोन पोती कधी हुबेहूब सारख्या नसतात, आणि तेच हातकामाचे सौंदर्य आहे. साचेबद्ध होते ती नक्कल. महाजालावर या आठवड्यात जे गाजले ते पुढच्या आठवड्यात आपल्या टेबलावर, हा खरा साचा.

आता पैशाविषयी स्पष्ट बोलायला हवे, कारण आपल्या मध्यमवर्गीय घरांत ते टाळले जाते. समजा, बोरन्हाणाच्या एका संचाला साहित्य लागले १५० रुपयांचे आणि ओवण्या-चिकटवण्याचे काम झाले १० तासांचे. संच ६०० रुपयांना गेला तर तासाला ४५ रुपये पडले, आणि यात हलवा करण्याचा वेळ धरलेलाच नाही. तेच मणी, पट्ट्या आणि फुले सर्व दागिन्यांत समान ठेवून आधी एकत्र करून ठेवली, आणि काम सात तासांवर आले, तर त्याच किमतीत तासाला ६४ रुपये होतात. म्हणजे एकसंधपणा हा केवळ डोळ्यांचा विषय नाही, तो मजुरीचा विषय आहे. हुपरीच्या चांदीकामात घरोघरी कामाची वाटणी झालेली असते. कुणी तार ओढते, कुणी कड्या जोडते, कुणी डाग देते, कुणी उजाळा देते. ठरलेला नमुना असल्याशिवाय अशी वाटणी शक्यच नाही.

पेढीवर सोने मोडायला नेले की वजनाचे पैसे मिळतात, घडणावळ बुडते, हे आपण सारे जाणतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत, हे ग्राहकाच्या हिताचेच झाले. परंतु ती खूण धातूची शुद्धता सांगते, घडणाऱ्या बोटांविषयी काही बोलत नाही. हलव्याच्या दागिन्यांत धातूच नाही, किंमत आहे ती सर्वस्वी घडणावळीची. आणि नेमकी तिथेच आपण घासाघीस करतो. पेढीवरच्या घडणावळीपुढे निमूट मान डोलावणारे आपण, मावशींकडे मात्र पन्नास रुपयांसाठी अडून बसतो.

आनंद कुमारस्वामी यांचे ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ १९०९ साली प्रसिद्ध झाले. स्वदेशीच्या ऐन भरातही त्यांचे सांगणे होते की, विलायती वस्तूची हलकी प्रत देशात तयार करणे म्हणजे स्वदेशी नव्हे. शतक उलटून गेले, प्रत आता विलायतेऐवजी पडद्यावरच्या चित्राची होते, एवढाच बदल. आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते प्रदर्शने भरवतात. त्यांनी येत्या हंगामात एक नियम करून पाहावा. टेबल देताना ‘तुमच्याकडे किती प्रकार आहेत?’ असे न विचारता ‘तुमचा मणी कोणता?’ असे विचारावे. टेबलापुढे गटाच्या नावासोबत कामाचा वेळ आणि घडणावळ लिहिलेली पाटी लावावी. वाणासाठी पन्नास प्लॅस्टिकच्या डब्या घेणाऱ्या घरांनी त्याच पैशात एकाच गटाकडून, एकाच घाटाची पंचवीस कर्णफुले आगाऊ मागवावीत आणि ती दिवाळीच्या आधी मागवावीत, म्हणजे मण्यांची खरेदी एकरकमी होईल आणि संक्रांतीच्या आदल्या रात्री जागरण करून कुणाला ओवत बसावे लागणार नाही.