लेक मुलांसाठी ॲप करते म्हणते
साताऱ्याच्या एका मैत्रिणीची लेक सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात संगणक शिकतेय. पुढे लहान मुलांसाठी ॲप करायची म्हणते. आई धास्तावलीय, "पोरं आधीच मोबाइल सोडत नाहीत, त्यात ही भर!"

काळजी रास्तच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, ते काय उगीच?

पण लेकीला अडवू नका. एक गोष्ट संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती कुणीतरी तशी केलेली असते म्हणूनच. मग तिथं थांबा घालणारंही कुणी हवंच ना? तिला सांगा, ॲप झालं की आधी घरातल्या भाच्याला दे. सात वाजता तो न रडता मोबाइल खाली ठेवतो का, बघ!