धाप लागली की तो दमाच असतो असे नाही

थोडे चालले की धाप लागते, रोज सकाळी खोकून बेडका पडतो आणि हे वर्षानुवर्षे चालू आहे. अशा रुग्णाला बरेचदा ‘दमा आहे’ किंवा ‘वय झालं’ असे सांगून खोकल्याचे औषध दिले जाते. पण हा सीओपीडी असू शकतो. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. विडी-सिगारेट हे त्याचे मोठे कारण आहे. मात्र आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, विडीला कधी हात न लावलेल्या बायकांनाही तो होतो.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनची एक देशव्यापी पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. एका दिवसात डॉक्टरांकडे आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना श्वसनाची तक्रार होती.

म्हणून माझे मत असे, की जळकोटसारख्या गावातल्या प्रत्येक डॉक्टरला दोन गोष्टी प्रत्यक्ष करून शिकवायला हव्यात. पहिली स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करायची तपासणी. स्टेथोस्कोपने छाती साफ वाटली तरी सीओपीडी असू शकतो. निदान या तपासणीनेच पक्के होते. दुसरी गोष्ट इन्हेलर. तो नुसता लिहून देऊ नये, रुग्णाला समोर घ्यायला लावून पाहावे. चुकीचा घेतला तर औषध घशातच राहते.

तुम्हीही विचारा: “डॉक्टर, माझी फुंकायची तपासणी करायची का?” गेलेली फुफ्फुसाची ताकद परत येत नाही. उरलेली जपायची तर निदान वेळेत व्हायला हवे.