वाशीमचा मांत्रिक



‘स्टॉर्म फ्रंट’ ही जिम बुचर यांची इंग्रजी कादंबरी (इ. स. २०००) आमच्या वर्गांत इतक्या हातांतून फिरली आहे कीं, तिची शिवण उसवली. तिचा नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागो शहरांत राहणारा मांत्रिक. टेलिफोनच्या यादींत त्यानें आपलें नांव मांत्रिक म्हणूनच घातलें आहे. पोलिसांना न उलगडणारे खून तो उलगडतो, दुष्ट शक्तींपासून शहराचें रक्षण करतो, आणि तरीहि बिचाऱ्याचें घरभाडें थकलेलेंच असतें!

वडील मंडळींस हें वाचन पसंत नाहीं. त्यांचा आक्षेप पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. आजहि दुखणाईतास डॉक्टरकडे न नेतां मांत्रिकाकडे नेणारीं घरें आहेत, आणि अशा भोंदूंना आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रास २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मग मांत्रिकास नायक कां करावें? आमचें उत्तर असें कीं, भोंदू आपली कथा खरी म्हणून विकतो. कादंबरीकार पहिल्याच पानावर ती कल्पित असल्याची कबुली देतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थां’च्या कथा वाचून आम्ही रात्रीं दिवा मालविला नाहीं हें खरें, परंतु ताप आला तेव्हां गोळ्याच घेतल्या.

आमचें दुःख निराळें आहे. आमच्या वाशीमचा एका मांत्रिकाशीं फार जुना संबंध आहे, आणि तो रक्षणाचा नव्हे, हरणाचा आहे. इ. स. ९००च्या सुमारास राजशेखर कवीनें प्राकृतांत ‘कर्पूरमंजरी’ नांवाचें सट्टक रचिलें. त्यांत भैरवानंद हा तांत्रिक चंडपाल राजाच्या दरबारीं येतो व काय चमत्कार दाखवूं म्हणून विचारतो. दक्षिणापथांतील वच्छोम, म्हणजे वत्सगुल्म, म्हणजेच आमचें वाशीम, येथें पाहिलेल्या एका कन्यारत्नाची गोष्ट निघते. झालें! भैरवानंद ध्यान लावतो आणि नुकती स्नान करीत असलेली ती मुलगी ओलेत्यानेंच दरबारांत उभी राहते. राणी तिला मावसबहीण म्हणून ओळखून ठेवून घेते, आणि शेवटीं राजाशीं तिचें लग्न लागतें. मागें वत्सगुल्मांत काय आकांत झाला असेल, याची विचारपूस नाहीं. कवीनें नगराचें नांव घेतलें आणि तो पुढें गेला.

शिकागोच्या मांत्रिकाचें मोल आम्हांस येथें कळलें. शहर राखावयाचें तर तें ठाऊक असावें लागतें. कोणती गल्ली कोठें निघते, कोणत्या घरीं रात्रभर दिवा असतो, हें मंत्राहून अधिक उपयोगी पडतें. आम्हांस आमचें गांव इतकें कोठें ठाऊक आहे? १९३९ सालीं वाशीम येथील विंध्यशक्ति दुसरा याचा ताम्रपट प्रसिद्ध झाला, तेव्हां कोठें वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उजेडांत आला. अजिंठ्याचें सोळावें लेणें याच शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें कोरविलें. ही गोष्ट आमच्या वर्गांत विचारली, तेव्हां दोघांनींच हात वर केले, आणि त्यांतील एकाला पाणी प्यावयास जावयाचें होतें.

तेव्हां वाशीमची अशी एक कादंबरी आपणच लिहावी, असें आम्हीं मनावर घेतलें आहे. मांत्रिकाचें नांव ठरलें नाहीं. शत्रु मात्र ठरला: वैशाखांत तळीं पिऊन टाकणारा राक्षस. मांत्रिकाच्या खिशांत पैसा नसावा, हेंहि एकमतानें ठरलें. पहिलें प्रकरण पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर सुरू करावें कीं बालाजीच्या देवळाजवळील देवतळ्याच्या कांठीं, यावर मात्र अद्यापि वाद चालू आहे.